द्वारकावन्संची पाखरी

लग्न होऊन मी वालूरला आले, तेव्हा सासरच्या उंबऱ्यावरचं माप माझ्याआधी एका कुत्रीनं ओलांडलं. मी दारात उभी होते. डोक्यावर पदर, उजवा पाय उचललेला, पुढ्यात तांदळानं भरलेलं माप. इतक्यात मागून काहीतरी सळकन आलं, माझ्या नव्या लुगड्याला घासून आत शिरलं, मापाला धक्का लागला आणि तांदूळ ओसरीभर झाले. बायका ओरडल्या. सासूबाईंनी कपाळाला हात लावला. मला तर वाटलं, हे लोक आता मला गाडीत बसवून परभणीला माघारी धाडतात.

तेवढ्यात आतून एक उंच, सावळी बाई कासोटा आवरत आली. तिनं त्या कुत्रीच्या मानेत हात घातला, तिला बाजूला ओढलं आणि माझ्याकडे बघून हसली. "भिऊ नगंस. लक्ष्मी चालत येती म्हणतेत, आमच्याकडं पळत आली. आता तू बी ये." मग खाली बसून तिनंच ओंजळीनं तांदूळ गोळा केले, माप पुन्हा भरलं आणि सासूबाईंना म्हणाली, "आये, त्वांड पाडू नगं. पोरगी दारात ताटकळायलीय." ती बाई म्हणजे माझी नणंद द्वारका, आणि ती कुत्री म्हणजे पाखरी.

मला कुत्र्यांची आवड नव्हती आणि आजही नाही. कुत्र्यानं दारात असावं, माणसानं घरात, एवढंच माझं कुत्र्याविषयीचं ज्ञान. पण द्वारकावन्संविषयी काही सांगायचं तर पाखरीला वगळून सांगता येत नाही. त्या दोघींना वेगवेगळं मी क्वचितच पाहिलं.

पाखरी कारवानी जातीची. लातूर-उदगीरकडे शिकारीसाठी ही कुत्री पाळतात, लांब केसांची असली तर तिला पश्मी म्हणतात. पाखरीचे केस आखूड होते, रंग गव्हाळ, तोंड लांबोडकं, छाती खोल आणि कंबर इतकी बारीक की आलेला प्रत्येक पाहुणा विचारी, "काय ओ, हिला पोटाला घालत न्हाईत का?" या प्रश्नानं वन्संच्या अंगाचा तिळपापड होई. "पोट दिसायला ती काय मानवतच्या मोंढ्यातला अडत्या हाय?" त्या म्हणत. "कमरेची हाडं दिसली पायजेत. हाडं दिसली तर रानात कामाची, पोट दिसलं तर घरात निजायची." तरी पाहुणा जाताना पुन्हा एकदा कुत्रीकडे कीव करून बघे.

वन्संचं सासर अहमदपूरच्या बाजूला. मूलबाळ झालं नाही म्हणून नवऱ्यानं दुसरी बायको केली. तसं त्या काळी पुष्कळ घरांत होई आणि पहिली बायको निमूट राही. वन्संनाही कुणी त्रास दिला नाही, उलट मान दिला. थोरली म्हणून पाटावर बसवलं, चूल-जातं सवतीकडे गेलं. तेच त्यांना सोसलं नाही. "मला तिथं काईच कमी नव्हतं गं शांता," त्या मला सांगत, "नुसतं बसायचं हुतं. बसून माणूस शिळं व्हतं. बसायचंच तर शेंदूर लावून म्हसोबाच का व्हऊ नये?" त्या घरातल्या शिकारी कुत्रीला पिल्लं झाली होती. नर वाटून झाले, उरलेली मादी टाकून द्यायचं चाललं होतं. वन्संनी ते पिल्लू पदरात घेतलं आणि माहेरची वाट धरली. अंगावरचे दागिने तिथेच काढून ठेवले. "ते त्येंचं हुतं. ही कुनाचीच नव्हती. मग आमी दोघी निघालो."

वन्संना एका जागी बसता यायचं नाही. जेवायच्या उभ्यानं, हातावर भाकरी घेऊन, ओसरीत येरझारा घालत. जात्यावर बसल्या तर दोन ओव्या ठीक, तिसऱ्या ओवीला उठून गेलेल्या, खुंटा माझ्या एकटीच्या हातात. कीर्तनाला गेल्या की बुवांचा अभंग संपायच्या आत त्यांचे पाय वळवळायला लागत. सासूबाई म्हणत, "हिच्या पायात भवरा हाय." आणि पाखरी तशीच. ती झोपली तरी तिचे पाय पळत असत. माळवदाच्या, म्हणजे धाब्याच्या सपाट छताच्या, जिन्यावरून वर, वरून खाली, गोठ्यातून परसात, परसातून चुलीपाशी. मी वाढायला घेतलं की एक लांब थोबाड माझ्या कोपराखालून येऊन भाकरीचा वास घेऊन जायचं. पहिलं वर्षभर मी स्वयंपाकघरात सतत दचकत असे.

तिची निगा मात्र वन्संची बघावी. तांबडं फुटायच्या आत दोघी बाहेर पडत त्या उन्हं चांगली वर आल्यावर परत येत. दुधना नदीच्या काठापर्यंत जाऊन येत. आल्यावर पाखरीला आधी सावलीत निजवायचं, लगेच पाणी द्यायचं नाही. तिचा श्वास ठिकाणावर आला की मग थोडं थोडं. तोवर वन्सं तिचे चारी पंजे मांडीवर घेऊन बाभळीचे काटे सुईनं काढत, करंजाचं तेल चोळत. पावसाळ्यात गोचिड्या काढणं हे तासाचं काम. खायला ज्वारीच्या कण्या नाहीतर ताकात कुस्करलेली भाकरी, घरात मटण झालं तर हाडं. तूप नाही, गूळ नाही, सणाची पोळी नाही. थंडीत तिला काकडायला होई, कातडीखाली चरबीच नाही ना. तर वन्संनी जुन्या गोधडीची झूल शिवून तिच्या पाठीवर बांधली. गावातली पोरं "पोळा आला, पोळा आला" म्हणून मागं लागली. वन्सं त्यांना म्हणाल्या, "तुमच्या आयांनी तुमाला कुडतं शिवलं का न्हाई? मग माझ्या पोरीला का नगं?"

एकदा सासूबाईंनी तिला एकादशी घडवली. घरात कुणाच्या पोटात अन्न नाही आणि कुत्रीनं भाकरी खावी हे त्यांना पटेना. वन्सं शेतात गेल्या होत्या. सासूबाईंनी पाखरीपुढे दोन शेंगदाणे आणि रताळ्याचा तुकडा ठेवला आणि तिला समजावून सांगितलं, "आज देवाचा दिस हाय बाई." पाखरीनं रताळ्याकडे बघितलं, सासूबाईंकडे बघितलं आणि माळवदावर निघून गेली. घटकाभरानं शेजारच्या परसातून कोंबड्यांचा कल्लोळ ऐकू आला. देवाच्या दिवशी आमच्या अंगणात कोंबडी पडलेली पाहून सासूबाई दिवसभर कुणाशी बोलल्या नाहीत. रात्री वन्संचं हसू काही केल्या आवरेना, तोंडात पदर कोंबून त्या हसत होत्या.

हे सगळं गमतीचं वाटतं, पण त्यात एक गोष्ट होती ती मला दोनेक वर्षांनी कळली. नवऱ्याला सोडून आलेली बाई रोज पहाटे एकटी रानात जाते, हे गावाला रुचणारं नव्हतं. आमचे थोरले दीर, त्यांना सगळे दादाच म्हणत, घरातले कर्ते. मी यायच्या आधी लोक बोलायला लागले म्हणून त्यांनी एकदा वन्संचं बाहेर जाणं बंद केलं होतं. पाखरीला दावं लावून गोठ्यात बांधलं. दोन दिवसांत तिनं दावं कुरतडलं, बाजेचे दोन पाय चघळले आणि ज्वारीची कणगी खालून उकरून काढली. दाणे चिखलात गेले. तिसऱ्या दिवशी ती इतकी रडली की दादाच ओरडले, "ने बाई हिला बाहिर! लय झालं!" तेव्हापासून कुणी विचारलं, की द्वारका कुठं हिंडते, तर घरातलं कुणीही उत्तर देई, "कुत्रीला न्यावं लागतंय." गावालाही ते पटलं. जनावराची गरज लोकांना समजते. म्हणजे वन्सं कुत्रीला फिरवीत, असं दिसे खरं, पण कुत्री होती म्हणून त्या घराबाहेर पडू शकत होत्या. हे त्यांनाही पक्कं ठाऊक होतं. "हिला बांधली की मी बी बांधली गेले," असं त्या मला एकदा काटा काढता काढता म्हणाल्या.

निजामाच्या राज्यातली ती शेवटची काही वर्षं. लढाई चालू होती, रॉकेल मिळत नव्हतं, आणि आमच्या घराला तिसरीच काळजी लागली होती. बरीच वर्षं अंथरुणाला खिळलेले मामंजी वारले आणि गावच्या पाटीलकीवर दादांचं नाव चढायचं होतं. चुलतभावानंही हक्क सांगितला होता. निकाल दुय्यम तालुकदारसाहेबांच्या, म्हणजे आजच्या डेप्युटी कलेक्टरच्या, हातात. साहेब शिकारीचे शौकीन. संक्रांतीनंतर ते दौऱ्यावर आले, आंबराईत तंबू पडला आणि दादा त्यांना दुधनेच्या काठी सशाच्या शिकारीला घेऊन गेले. अर्थात पाखरीला घेऊन. वन्संनीच तिला गड्याच्या हवाली केलं, पण मनातून त्या खूश होत्या. तिनं साहेबांसमोर दोन ससे धरले. दुसरा ससा तर म्हणे वळण घेताना तिनं हवेतच उचलला.

साहेब घोड्यावरून उतरले. म्हणाले, "बहोत खूब." मग तिच्या मानेवरून हात फिरवून पुन्हा म्हणाले, "बहोत खूब, पाटील."

आता हे दोनदा म्हणणं काय असतं, हे त्या काळच्या माणसालाच कळेल. अंमलदारानं तुमच्या वस्तूला एकदा खूब म्हटलं तर ती तारीफ. दोनदा म्हटलं की ती वस्तू तुमची राहिली नाही. बैल असो, घोडी असो, आंब्याची करंडी असो. साहेबाच्या मनात तसं असो वा नसो, आपण ते धरून चालायचं. दादांनी ताबडतोब हात जोडले, "आपलीच हाय, हुजूर." साहेब म्हणाले, आत्ता दौऱ्यात कुठं नेऊ, चैतात परत येईन तेव्हा नेईन.

दादा घरी आले ते आनंदात. पाटीलकी हाताशी आल्यासारखे दिसत होते. ओसरीत बसून त्यांनी हे सांगितलं. मी चुलीपुढून उठून दाराशी आले. वन्सं पाखरीचे पंजे पुसत होत्या, त्यांनी मान वर केली.

"मला न इचारता?"

"साहेबाला काय सांगू? थांबा, बहिनीला इचारून येतो?"

"मला बी असंच देऊन आलतास दादा," वन्सं म्हणाल्या. "तवा बी इचारलं न्हाईस."

दादा उठून बाहेर गेले. ते दुष्ट नव्हते, हे मला सांगितलंच पाहिजे. बहीण परत आली तेव्हा भाऊबंदांशी भांडून त्यांनीच तिला घरात घेतलं होतं. पण त्या दिवशी मला त्यांचा इतका राग आला की रात्री त्यांच्या ताटात मी मीठ वाढलं नाही. सुनेचा राग, तो तेवढाच.

दोन दिवस घरात भांडण धुमसत राहिलं. तिसऱ्या दिवशी दादांना नवीनच चिंता सुचली. ते पाखरीभोवती फिरून तिच्या बरगड्या मोजल्यासारख्या बघत होते. "हिची हाडं दिसायलीत," ते म्हणाले. "रानात ठीक हुतं. पर नजराणा मनून द्यायची तर लोक काय म्हणतेल? पाटलाच्या घरी कुत्र्याला घास न्हाई? द्वारके, चैतापर्यंत हिला चांगली भरव. दूध दे, तूप दे. पळवू नगंस, पळून पळून वाळलीय ती." आमच्याकडे पाहुण्याला द्यायचा बैल, सासरी धाडायची लेक, दोन्ही भरल्या अंगानं पाठवायची रीत. दादांना त्यात वावगं काहीच दिसलं नाही.

मला वाटलं, आता वन्सं घर डोक्यावर घेतील. पण पाखरीच्या कमरेवरून हात फिरवत त्या म्हणाल्या, "बरं दादा. तू म्हणतूस तसं."

आणि त्या दिवसापासून त्या पाखरीला खाऊ घालायला लागल्या. सकाळी दूध-भाकरी वर तुपाची धार. दुपारी गुळाचा काला. होळीला पुरणपोळ्या, एक नव्हे, चार. पाखरी आधी बिचकली, मग तिला गोडी लागली. पहाटेचं जाणं बंद. पहिले आठ-पंधरा दिवस ती दाराशी जाऊन रडे, माळवदावर चढून रानाकडे बघे. वन्सं तिच्याशेजारी उभ्या राहून तिकडेच बघत. मग हळूहळू ती सुस्तावली. कमरेची हाडं बुजली, पोट लोंबायला लागलं, जिना चढताना धापा टाकायला लागली. सासूबाईंना आनंद झाला. "आता कशी लेकुरवाळीवानी दिसती," त्या म्हणाल्या.

पण वन्संचं काय झालं, ते मी बघत होते. त्यांना तर तूप-गूळ खाऊन सुस्ती येणारी नव्हती. पहाटे उठून त्या अंगणात फेऱ्या घालत. दळण संपलं तरी दळत. सारवलेली ओसरी पुन्हा सारवत. शेजारणीकडे विरजण मागायला जात आणि विरजण न घेताच परत येत. एका दुपारी मी त्यांना बारवेच्या पायऱ्यांवर गाठलं. कळशी भरून झाली होती, तरी त्या पाणी उपसून पुन्हा बारवेत ओतत होत्या.

"वन्सं, हे काय चालवलंय तुम्ही?" मी म्हणाले. "तिला देऊन टाकायचं ठरवलं का खरंच?"

त्यांनी इकडेतिकडे बघितलं. मग माझ्या कानाशी आल्या. "खुळी का तू? साहेब शिकारी माणूस हाय. असलं जाडं कुत्रं बघून तो हात लावल का? हसल आन् जाईल. दादाचा बी शब्द खाली पडायचा न्हाई, मी बी द्यायची न्हाई. मग म्हैनाभरात मी तिला पुन्हा हाडावर आनते." आणि त्या हसल्या. बऱ्याच दिवसांत त्यांचं तसं हसू मी बघितलं नव्हतं. "तवर मला मातुर दम निघंना गं. पाय निसते जळायलेत."

मलाही तो डाव बिनतोड वाटला. रोज मी माझ्या वाटणीचं तूप पाखरीपुढे ठेवू लागले. मला कुत्र्यांची आवड नाही म्हणते, पण तेवढं केलं.

चैत्रात साहेब आले. आमच्याच ओसरीत त्यांना पाट-गादी घातली. आम्ही बायका आतल्या दाराआड. दादांनी गळ्यात नवा तांबडा पट्टा बांधून पाखरीला बाहेर आणलं. ती डुलत डुलत आली, साहेबांच्या बुटाचा वास घेतला आणि धपकन खाली बसली.

साहेब तिच्याकडे बघतच राहिले. मग मोठ्यानं हसले. "पाटील, ये कुतिया है या दुंबा?"

दुंबा म्हणजे शेपटीत चरबी साठलेला मेंढा. ओसरीतले सगळे हसले. दाराआड वन्संनी माझा दंड इतका दाबला की पुढे दोन दिवस काळानिळा होता. साहेब चांगले गृहस्थ होते, त्यांनी दादांची समजूत घातली. म्हणाले, पाटील, तुमचा जीव आहे तिच्यावर, दिसतंच आहे. राहू द्या तुमच्याकडेच. तिथे गोष्ट संपायची होती.

पण दादांचं तोंड पडलं होतं. चुलतभावाची माणसंही ओसरीत होती आणि तीच सगळ्यांत जास्त हसली होती. "न्हाई हुजूर," दादा म्हणाले, "दिसायलीय जाडी, पर जात हाय ती. आत्ता पळवून दावतो." साहेबांनी उन्हाकडे बघितलं, राहू द्या म्हणाले. दादा ऐकेनात. हाकाऱ्यांना हाका मारत ते पाखरीला घेऊन बाहेर पडले सुद्धा. मग साहेबही उठले. पाहुण्यानं यजमानाचा मान किती मोडायचा?

वन्सं दाराआडून पुढे झाल्या होत्या, सासूबाईंनी त्यांचा हात धरला. परक्या पुरुषांत, अंमलदारासमोर कुठं जायचं? वन्सं माघारी फिरल्या आणि माळवदाकडे धावल्या. मी त्यांच्या मागं. वरून गावालगतचं मोकळं रान सगळं दिसत होतं. ज्वारी काढलेली, धसकटं उभी, काळ्या जमिनीला भेगा, आणि डोक्यावर चैत्राचं ऊन. "पळणार न्हाई ती," वन्सं म्हणत होत्या. "तिला झेपणारच न्हाई. दोन पावलं टाकल आन् बसल. तिला कळतंय." त्या मला सांगत होत्या की स्वतःला, कुणास ठाऊक.

हाकाऱ्यांनी ससा उठवला. दादांनी पट्टा सोडला.

पाखरी बसली नाही. ती पळाली. आधी जड, पोट हलत, मग जुन्या सवयीनं तिची पाठ लांब झाली आणि ती धसकटांवरून निघाली. ससा वळला, ती वळली. ससा पुन्हा वळला, ती भेलकांडली, सावरली, पुन्हा लागली मागं. खाली लोक ओरडायला लागले. वन्सं कठड्याला धरून किंचाळल्या, "थांब गं! पाखरे, थांब!" इतक्या लांब ते कुठलं ऐकू जाणार. त्यांनी जिन्यावरून उडी टाकल्यासारखं खाली धाव घेतली.

त्या वेशीतून पळाल्या तेव्हा सगळं गाव बघत होतं. अनवाणी, डोक्यावर पदर नाही, पुरुषांच्या घोळक्यातून सरळ. मी माळवदावरच होते, म्हणून मला दोघी दिसत होत्या. पाखरीनं ससा धरला. धरला आणि तोंडात तसाच घेऊन चार पावलं आली, मग तिचे पुढचे पाय दुमडले. वन्सं पोचल्या तेव्हा ती कुशीवर पडली होती. साहेबांनी स्वतः आपल्या छागलीतलं पाणी तिच्या डोक्यावर ओतलं, असं मागून कळलं. काही उपयोग झाला नाही. "जान दे दी बेचारी ने," साहेब म्हणाले आणि टोपी काढून बाजूला उभे राहिले.

वन्संनी कुणाला तिला हात लावू दिला नाही. तेवढं जड झालेलं जनावर त्यांनी स्वतः उचलून आणलं आणि परसातल्या चिंचेखाली स्वतःच खड्डा खणला. आमचे हे खोऱ्या घेऊन गेले, त्यांना मागं लोटलं. मी पाणी घेऊन गेले तेव्हा त्या कडेला बसून होत्या, हात मातीनं भरलेले. माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "मला वाटलं, ती थांबल. मी तूप घातलं तिला, या हातानं. तिला थांबताच येत न्हाई, हे मला कळायला पायजे हुतं गं. मला न्हाई कळायचं तर कुनाला?" मला रडू आवरेना. त्या रडल्या नाहीत.

पाटीलकीवर दादांचं नाव चढलं. कदाचित ते तसंही चढलं असतं. दादांना त्याचा आनंद करता आला नाही. त्यांनी अहमदपूरकडे माणूस पाठवून पिल्लाची चौकशी केली. वन्सं म्हणाल्या, "नगं."

आणि त्या बसल्या. ओसरीच्या खांबाला टेकून, मांडीवर हात ठेवून, सकाळपासून दिवेलागणीपर्यंत. पानावर बसून जेवत. जात्यावर बसल्या तर बसूनच राहत, दळण संपलं तरी. पहिल्यांदा सासूबाई म्हणाल्या, "चला, पायातला भवरा थांबला एकदाचा." पण महिना गेला, दुसरा लागला, तशा त्याच मला हळूच म्हणाल्या, "शांता, हिला उठव गं काहीतरी करून. मला हिचं भ्या वाटायलंय." मी चार वेळा म्हटलं, चला, बारवेपर्यंत जाऊन येऊ. वन्सं म्हणत, "काय मनून जाऊ?" कुत्री नव्हती, तर बाहेर पडायला कारणही नव्हतं.

मृगाच्या अलीकडची एक सकाळ. दादा ओट्यावर बसले होते. आता पाटील ते, त्यामुळे सकाळपासून चार माणसं तिथं असायचीच. मी अंगणात शेण कालवत होते. वन्सं आतून आल्या. कासोटा घट्ट मारलेला, डोक्यावर पदर. त्या ओसरीतून उतरल्या, अंगण ओलांडलं आणि दारात येऊन थांबल्या. ओट्यावरचं बोलणं बंद पडलं. द्वारका कुत्रीशिवाय कुठं चालली, हा प्रश्न त्या चौघांच्याही तोंडावर होता, फक्त पाटलाच्या बहिणीला तो विचारायचा कसा?

दादांनी तो बरोबर ओळखला. इतक्या दिवसांत बहिणीशी धड बोलण्याची पहिलीच संधी होती ती, आणि त्यांनी ती मनापासून घेतली. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "जा, द्वारके. पाय मोकळे करून ये. कोन इचारलं तर दादानं पाठिवलं मन."

वन्सं वळल्या. रागानं नाही, शांतपणे बोलल्या, पण त्यांचा आवाज ओट्यावरच्या शेवटच्या माणसापर्यंत गेला.

"तू न्हाई पाठिवलंस, दादा. मी जायलेय."

आणि त्या पायरी उतरून रस्त्याला लागल्या. आधी जरा अडखळत, इतके दिवस बसून पाय आखडले होते. वेशीपाशी पोचेपर्यंत चाल सुटली होती. दादा मान खाली घालून बसले. कुणीतरी पेरणीची गोष्ट काढली आणि ओट्यावरचं बोलणं पुन्हा सुरू झालं. वन्सं ऊन डोक्यावर आल्यावर परतल्या, हातपाय धुतले, ओसरीत उभ्यानं भाकरी खाल्ली. दुसऱ्या दिवशी पहाटे त्या पुन्हा निघाल्या, तेव्हा दार मी उघडलं.